सिंहावरची बाई

करंजवाडी, ता. माण
मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५

चि. आप्पासो,

आक्काचा आशीर्वाद. तुला, प्रमिलाला आणि प्रांजलला, तिघांनाही.

इकडं सगळं बरं आहे. पाऊस आमच्या मानानं चांगला झाला. बाजरी कंबरेच्या वर गेलीय आणि ओढ्याला अजून पाणी आहे. माझा डावा गुडघा कुरकुरतो, पण चालते-फिरते. शेजारच्या केरबाची म्हैस व्याली, त्यानं काल तांब्याभर चीक आणून दिला. खरवस केला आणि एकटीनं खाल्ला. तुला फार आवडायचा. तिकडं सांगलीत, विश्रामबागेत मिळतो का रे खरा खरवस, का पाकिटातलाच खाता?

तुझं पत्र काल मिळालं. पोस्टमननं पाकीट दोनदा उलटं-सुलटं करून बघितलं आणि म्हणाला, "बाई, वकिलाचं दिसतंय." मी म्हणाले, "वकिलाचं न्हाई, भावाचं हाय." बिचारा सही घेऊन निघून गेला.

अकरा वर्षांत तुझं हे पहिलं पत्र, आणि तेही टाइप केलेलं. तुझ्या हातची म्हणून खाली सही तेवढी. सहीतला 'प' तू अजून उलट्या छत्रीसारखा काढतोस, तू पहिलीत होतास तेव्हा मी घरी छड्या मारूनही तो सुधारला नाही.

मी फोन का उचलत नाही, असं तू विचारलंयस. उचलत नाही, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदावर तुला मधे तोंड घालता येत नाही. म्हणून लिहिते. आता खुर्चीत नीट बस आणि शेवटपर्यंत वाच. मधेच प्रमिलाला हाक मारून "बघ आक्का काय लिहितीय" असं करायचं नाही.

तर मुद्दा आपल्या देवीचा.

साताऱ्यात जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथं मी तिला ठेवलं. पेपरात फोटो आला: 'माणमधील निवृत्त शिक्षिकेकडे दुर्मीळ रोमन चांदीचं नाणं.' तो प्रांजलनं ओळखला आणि हरखून तुला दाखवला. पोरीला रागवू नकोस, तिनं भोळेपणानं दाखवला. तिच्या मनात आत्याचं कौतुक होतं आणि तुझ्या मनात लगेच वकील आला.

तू चार गोष्टी लिहिल्यास. एक, घरचे देव मुलाकडं जातात, हा आपला रिवाज, म्हणून ती तुझी. दोन, ती मुळात देवी नाहीच, परदेशातलं नाणं आहे, त्याला हळदकुंकू वाहणं अडाणीपणाचं, आणि पुण्याचा एक व्यापारी ते घ्यायला तयार आहे. तीन, आबांच्या वर्षश्राद्धाला देव्हाऱ्यातले सगळे देव तू स्वतः सांगलीला नेलेस, मग ही माझ्याकडं आलीच कशी. 'चोरी' हा शब्द तू तिथं ठळक करून घेतलायस. आणि चार, येत्या रविवारी तू धैर्यशील वकिलाला घेऊन येणार आणि तिला घेऊन जाणार.

तिसऱ्या गोष्टीकडं मी नंतर येते. येणार नाही असं समजू नकोस.

पहिली आणि दुसरी एका पाठोपाठ एक वाचून मला हसू आलं. अरे शहाण्या, पहिल्या पानावर ती देवी आणि दुसऱ्या पानावर ती नाणं? देवी असेल तर विकायला निघालास कसा? आणि नाणंच असेल, तर घरच्या देवाचा रिवाज तिला लावतोस कुठल्या तोंडानं? धैर्यशीलला हे दिसलं नाही? का त्यानं पत्र वाचलंच नाही, नुसतं टाइप करून घेतलं? चौथीतल्या पोरानं असा निबंध लिहिला असता, तर मी त्याला परत लिहायला लावला असता.

बरं, आता ती कोण आहे ते नीट ऐक. तू पेपरातला मथळा तेवढा वाचलास, मला सगळं माहीत आहे.

बनुबाई आपली पणजी. फार जुन्या एका दुष्काळात ती माणगंगेच्या कोरड्या पात्रात झिरा उकरत होती. मेंढरं तहानेनं माना टाकून पडली होती. हातभर वाळू काढली, आणखी हातभर काढली, तेव्हा कुठं ओल लागली, आणि त्या ओलीतून ही वर आली. रुपयापेक्षा लहान, चांदीची, वरच्या बाजूला एक भोक. बनुबाईनं पदराला पुसून बघितली, तर सिंहावर बसलेली बाई, आणि खाली खडकातून पाणी वाहतंय. पाणी शोधणाऱ्या बाईला पाण्यावरची देवी सापडली. तिनं दोरा ओवला आणि गळ्यात घातली. मरेपर्यंत काढली नाही. तिच्या माघारी आजोबांनी ती देव्हाऱ्यात ठेवली. बिरोबाचा टाक, खंडोबाचा टाक, पितरांचे दोन टाक, सगळे पातळ पत्र्यावर ठोकलेले, आणि त्यांच्यात ही एकटी जाडजूड, गोल. आई तिला कधी नावानं बोलायची नाही. नुसतं "बाई" म्हणायची. "बाईला पानी घातलं का गं शाले?"

साताऱ्याच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या शिवांजली मॅडम दोन वर्षांमागं आपल्या गावातले वीरगळ बघायला आल्या. माझ्याकडं चहाला थांबल्या आणि देव्हाऱ्याकडं बघून कप हातात तसाच धरून बसल्या. मी म्हटलं, काय झालं, माशी पडली का? त्या म्हणाल्या, "शालूताई, ही तुमच्याकडं कशी?"

त्यांनी मग मला सगळं शिकवलं. मागच्या बाजूला दाढीवाल्या पुरुषाचं डोकं आहे, तो रोमचा बादशहा सेप्टिमियस सेव्हेरस. अठराशे वर्षांपूर्वीचा. आणि सिंहावरची बाई त्याच्याही घरची मूळची नाही! समुद्रापलीकडं आफ्रिकेत कार्थेज नावाचं शहर होतं, तिथली ती देवी. पाऊस देणारी म्हणून तिची ख्याती. बादशहाही तिकडच्याच मुलखातला, त्यानं तिला आपल्या नाण्यावर घेतली. एका हातात वीज, एका हातात दंड, खाली खडकातून फुटलेलं पाणी. मॅडम म्हणाल्या, रोमन नाणी आपल्या देशात बरीच सापडली, पण त्यातली बहुतेक याच्या आधीच्या राजांची. ही बाई इकडं सापडल्याचं त्यांनी तरी कुठं ऐकलं नव्हतं.

मी त्यांना विचारलं, "म्हणजे आमची बनुबाई चुकली?" त्यांनी नाणं पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाल्या, "सिंह बरोबर ओळखला, देवी बरोबर ओळखली, पाणी बरोबर ओळखलं. नाव तेवढं माहीत नव्हतं."

आणखी एक गंमत त्यांनी दाखवली. ते भोक. ते बनुबाईनं पाडलेलं नाही, कितीतरी जुनं आहे. ते बरोबर बाईच्या डोक्यावर आहे. दोऱ्यात ओवलं, की बाई सरळ बसते आणि मागचा बादशहा खाली डोकं वर मान असा उलटा लोंबतो. म्हणजे बनुबाईच्याही आधी कुणीतरी ठरवून टाकलं होतं, की पुढची बाजू बाईची. एवढा मोठा बादशहा, त्याला पाठ करून टाकली! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

तर आप्पासो, ती परक्या मुलखातली आहे हे मला तू सांगायला नको. ती एका घरातून दुसऱ्या घरात गेली, तिथून तिसऱ्या मुलखात आली, आणि जिथं आली तिथं नांदली. तू माझ्याबद्दलही तेच लिहिलंयस ना, 'लग्न झालेली मुलगी परक्या घरची, तिचा माहेरच्या देवांशी संबंध नाही'? माझं परकं घर लोणंदला होतं. ते मला दीड वर्ष मिळालं. सोळा महिने म्हण हवं तर, शेवटचे दोन मी दवाखान्यातच होते. तिथून आबांनी मला बैलगाडीत घालून आणली आणि डी.एड.ला घातली. त्यानंतर पन्नास वर्षं मी याच घरात आहे. आबांचं दुखणं याच घरात काढलं, आईचंही. तेव्हा मी परकी नव्हते का रे? तेव्हा कुणी मला टाइप केलेलं पत्र पाठवलं नाही.

आणि रिवाज! आईबापाचा म्हाळ मुलानं घालायचा, हा रिवाज नाही? आठ वर्षं पितरपाटात ताट मी वाढते, कावळ्याची वाट मी बघते. भाऊसो गुरव दर वर्षी विचारतो, "आप्पासो न्हाई आलं व्हय?" आणि मी दर वर्षी सांगते, "त्याला बँकेत लय काम हाय." तू निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी मी त्याला तेच सांगते. गुरवालाही ठाऊक आहे, तोही मान हलवतो.

आता तिसरी गोष्ट.

तुला आठवतंय, आबांचं वर्षश्राद्ध झालं आणि तू म्हणालास, देव सांगलीला नेतो. ते बरोबरच होतं, मी काही म्हणाले नाही. पण त्याच चहाच्या वेळी तू प्रमिलाला सांगत होतास, की जुने टाक झिजलेत, नाकडोळे दिसत नाहीत, नव्या फ्लॅटमध्ये बरे दिसायचे नाहीत. सांगलीच्या सोनाराकडं सगळे मोडायला देऊ, तेवढ्याच चांदीत एका पाटीवर सगळे देव ठसठशीत करून घेऊ आणि फ्रेम करू. झिजलेले टाक उजळून घेतात, हा रिवाजच आहे, तू खोटं काही बोलत नव्हतास. पण आई चुलीपाशी होती. तिनं ते ऐकलं. ती नुसती पीठ मळत राहिली. भाकरीचं पीठ कुणी इतका वेळ मळतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी, तू गाडी धूत होतास तेव्हा, मी बाईला रुमालात बांधली आणि म्हसवडची एस.टी. धरली. आईला सांगितलं, जरा उजळून आणते, लेकाच्या घरी चालली, मळकी कशाला पाठवायची. म्हसवडच्या सोनारानं तिच्यावर पातळ चांदीचा पत्रा धरला आणि हलक्या हातानं ठोकत ठोकत तिचा छाप उठवला. मागं तांब्याचा पत्रा लावून दिला. दोन तासांचं काम. घर वेगळं झालं की धाकट्या घराला मूळ टाकावरनं असाच नवा करून देतात, त्यामुळं त्यानंही काही विचारलं नाही.

नवी देव्हाऱ्यात ठेवली. जुनी माझ्या हरभऱ्याच्या डब्यात.

संध्याकाळी तू सगळे देव पंच्यात गुंडाळून नेलेस. ती नवी तू हातात घेऊन एकदा उलटून बघितली असतीस तर मागचा तांब्याचा कोरा पत्रा दिसला असता, आणि मी तिथंच पकडली गेले असते. मी दारात उभी होते. पण तू बघितलं नाहीस. लहानपणीही कधी बघितलं नव्हतंस. तुला ती एवढीशी चांदी वाटायची.

तेव्हा हो, मी चोरी केली. वकिलाला सांग, बहिणीला कबूल आहे. त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही आणि मी माफीही मागणार नाही. मी ती चोरली नसती, तर अकरा वर्षांपूर्वीच ती सांगलीच्या भट्टीत वितळली असती, आणि आज तुझ्या त्या पुण्याच्या व्यापाऱ्याला तू काय फ्रेम दाखवली असतीस? तुझ्या बाजूनं तू तिला मोडलीच आहेस. मोडलेली वस्तू परत मागायला कसा येतोस?

आता पुरे करते. हात दुखला.

बुधवार, सकाळ

काल पत्र पाकिटात घातलं होतं. आज पोस्टात टाकायला निघाले, पिंपळापर्यंत गेले आणि परत आले. वर लिहिलंय त्यात खोटं काही नाही, पण मी तुला अर्धंच सांगितलं. ते अर्धं माझ्या फायद्याचं होतं. पोरांना मी जन्मभर सांगत आले, की उत्तर पूर्ण लिहा, नाहीतर गुण नाहीत.

तर पूर्ण लिहिते.

मी जुनी डब्यात ठेवली, हे आईला सांगितलं नाही.

तू सांगलीहून फोटो पाठवलास, नव्या फ्रेमचा. मी मोबाईलवर तो आईला दाखवला. तिनं चष्मा पुसला, पुन्हा लावला, पडदा डोळ्याजवळ नेला. म्हणाली, "ही आपली न्हवं. आपली बाई एका अंगाला पाय सोडून बसायची. ही मांडी घालून बसलीया." मोबाईल मांडीवर उलटा ठेवला. मग म्हणाली, "मोडली गं त्यांनी."

मी तिच्याजवळ बसले होते. डबा तिथून चार हातांवर होता. मी काही बोलले नाही.

का नाही बोललीस, असं तू विचारशील. आईच्या पोटात काही राहत नव्हतं, तुला ठाऊक आहे. तुझा फोन आला असता, की पहिल्या वाक्यात तिनं आनंदानं सांगून टाकलं असतं, "आरं आप्पा, बाई हितंच हाय!" आणि दुसऱ्या रविवारी तू गाडी घेऊन आला असतास. मी स्वतःला म्हणायचे, थोडे दिवस जाऊ देत, मग सांगू. सणाला सांगू.  असं करत करत तीन वर्षं गेली, आप्पासो. तीन वर्षं ती रोज सकाळी रिकाम्या देव्हाऱ्यासमोर बसायची. तांब्यातलं पाणी मोकळ्या फळीवर वाहायची आणि पदरानं पुसून घ्यायची. विचारायची, "सांगलीला तिला कुनी पानी घालत आसंल का गं?" मी म्हणायचे, घालत असतील. आणि हरभरे काढायला डबा उघडायचे, तेव्हा हात खाली जाऊ द्यायचे नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी तिला ग्लानी होती. मी ठरवलं, आता देते तिच्या हातात. उठले, डब्याचं झाकण काढलं. तेवढ्यात अंगणात तुझी गाडी लागली. हॉर्न ऐकला आणि मी झाकण लावलं. तू आत आलास, तिच्या पायाशी बसलास. तासाभरात ती गेली. तू सांगलीला परतल्यावर मी बाईला डब्यातून काढून पुन्हा देव्हाऱ्यात ठेवली.

मी देवी वाचवली आणि आईला उपाशी ठेवलं. हे कुणालाही सांगितलं नव्हतं. शिवांजली मॅडमनाही नाही. या चोरीची मला लाज आहे, आणि ती तुझ्या वकिलाला कुठल्या कलमात बसवता यायची नाही.

म्हणून मी तिला साताऱ्याला नेली. लोकांनी बघावी म्हणून. मला लपवण्याचा वीट आला होता. पेपरवाल्यानं विचारलं, नाव छापू का? मी म्हणाले, ठळक छापा. तू वाचशील हे मला माहीत नव्हतं असं समजू नकोस. सांगली आवृत्तीतही येतं का, एवढं मी त्याला विचारून घेतलं होतं.

आणखी एक. मागच्या आठवड्यात मी तिची सरकारी नोंद व्हावी म्हणून जिल्ह्याच्या कचेरीत लेखी अर्ज दिला. नाण्याचा फोटो, बनुबाईची हकीकत, सोनाराकडं केलेली अदलाबदल, सगळं माझ्या हातानं लिहून सही केली. कारकून म्हणाला, "बाई, हे कशाला लिहून देताय? तुमच्याच अंगाशी येईल." मी म्हणाले, येऊ दे. पोच घेतली. आता ती माझ्याकडं ठेवतील का नेतील, मला ठाऊक नाही. नेली तर काचेत ठेवतील, येणाजाणाऱ्याला दिसेल. मी एस.टी.नं जाऊन बघून येईन. पण तिची नोंद झाली आहे. आता ती तुला विकता येणार नाही आणि मलाही नाही. तू जबरदस्तीनं उचलून नेलीस, तरी तुला तिची रोज पूजाच करावी लागेल, दुसरा काही उपयोग नाही. पुण्याच्या माणसाला तसं कळव.

तू रविवार का धरलास, तेही मी ओळखलं. सोमवारी घट बसतात. देव एकदा पानावर बसले, की दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत, एवढा रिवाज तुझ्या लक्षात राहिला. पण रविवारी सर्वपित्री आहे, हे कॅलेंडरात बघितलं नाहीस वाटतं. रविवारी मी म्हाळ घालणार आहे. आईचं आणि आबांचं पान एकाशेजारी एक, देव्हाऱ्यासमोर. गवारीची भाजी, वडे, खीर, आणि आईला लागायचा तसा जाळावरचा ठेचा.

या वेळी आईच्या पानावर मी बाईला ठेवणार आहे. आणि तिला मोठ्यानं सांगणार आहे, की आई, ही मोडली नव्हती. ही इथंच होती. मी लपवली होती, तुझ्यापासूनसुद्धा. आठ वर्षं झाली ती जाऊन आणि माझ्या तोंडून हे अजून निघालेलं नाही. गल्लीतल्या सगळ्यांना बोलावलंय, केरबा आहे, गुरव आहे. सगळ्यांच्या देखत सांगणार आहे.

तेव्हा ये. वकिलाला आणायचं असेल तर आण, त्याचंही पान वाढीन, उपाशी कुणाला धाडत नाही. दाराला कडी नसेल. मी तुझ्या वाटेत उभी राहणार नाही, हात धरणार नाही, ओरडणार नाही. बारा वाजता बाई आईच्या पानावर असेल, भाताच्या मुदीशेजारी. तुझा हक्क आहे ना? मग पुढं हो, आईच्या पानावरची ती तुझ्या हातानं उचल, आणि घेऊन जा.

आणि उचलवली नाही, तर माझ्या शेजारी पाटावर बस. मला ते एकटीनं तिला सांगायचा धीर होत नाही, आप्पा.

वाट बघणारी, आणि मागं न हटणारी,

तुझी आक्का
शालन, करंजवाडीची